आम्फवा: थायलंडच्या कालव्याकाठच्या गावात दीड दिवस कसा घालवावा

बँकॉकच्या नैर्ऋत्येला, गाडीने साधारण दीड तासावर, मे क्लोंग नदी समुद्राला मिळते तिथून थोडं वर आम्फवा हे छोटं गाव आहे. गाव समुत सोंगख्राम प्रांतात येतं. क्षेत्रफळाने थायलंडमधला हा सर्वांत लहान प्रांत. गावाच्या मधोमध कालवा, दोन्ही काठांवर एकमेकींना टेकलेल्या लाकडी घरांच्या रांगा आणि त्यांच्या मागे नारळ, लिची, पपनसाच्या बागा. १७६७ साली, बर्मी फौजांनी अयुथ्या जिंकलं त्याच वर्षी, पुढे थायलंडच्या गादीवर आलेल्या दुसऱ्या राम राजांचा जन्म इथे झाला. रस्ते झाल्यावर कालव्यावरचा व्यापार आटला. २००४मध्ये गावाने संध्याकाळचा तरंगता बाजार पुन्हा उभा केला आणि जुनी घरं राखल्याबद्दल २००८मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये या वस्तीचा सन्मान झाला.

बहुतेक लोक बँकॉकहून टॅक्सी करून येतात, दोन तास गर्दीत रेटारेटी करतात आणि परत जातात. असं आलात तर खाण्याच्या टपऱ्या तेवढ्या बघून होतात. इथे एक रात्र राहायलाच हवं, आणि कुठल्या वारी राहायचं हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी ठरवायला हवं.

आधी वार आणि तिथी

आम्फवाचा बाजार शुक्रवार, शनिवार आणि रविवार एवढाच भरतो, तोही दुपारनंतर. दोनच्या सुमाराला होड्या लागायला लागतात, चार ते सात भर असतो, आठ-नऊला आवराआवर होते. सोमवार ते गुरुवार गाव शांत असतं. राहायला छान, पण बाजार मिळणार नाही. "तरंगता बाजार सकाळी असतो" असं ऐकून पहाटे निघणारे बरेच जण इथे बंद दारं बघतात. सकाळचा बाजार म्हणजे जवळचा दामनोन सदुआक, तो वेगळा.

आमची शिफारस शुक्रवारची. होड्या शनिवारपेक्षा थोड्या कमी असतात, पण कालव्याकाठच्या अरुंद वाटेवरून चालता येतं आणि खोलीही जरा स्वस्त मिळते. शनिवारी संध्याकाळी त्याच वाटेवर माणसाला माणूस घासतं. म्हणून शुक्रवारी सकाळी बँकॉक सोडा, रात्री आम्फवात राहा आणि शनिवारी दुपारी परता.

आता कॅलेंडर काढा. काजवे बघायचे असतील तर अमावास्येच्या मागचा-पुढचा आठवडा निवडा, कारण चांदण्यात त्यांचा उजेड फिका पडतो. आम्फवा तालुक्यातच था खा नावाचा आणखी एक तरंगता बाजार आहे आणि तो अजूनही चांद्र तिथीने भरतो. शुक्ल आणि कृष्ण पक्षातली द्वितीया, सप्तमी, द्वादशी हे त्याचे जुने दिवस, त्यात आता शनिवार-रविवारची भर पडली आहे. थाई गणती आपल्या पंचांगापेक्षा एखाद्या दिवसाने पुढेमागे होते, त्यामुळे वार तिथीवर अवलंबून ठेवायचा असेल तर ज्या घरात राहणार आहात तिथल्या घरमालकाला विचारून खात्री करा.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखाचे. मार्च ते मे घामाच्या धारा लागतात. मे ते ऑक्टोबर पाऊस, पण काजवे याच दिवसांत जास्त. लॉय क्राथोंग हा दिवे पाण्यात सोडायचा सण साधारण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. आम्फवात तेव्हा केळीच्या सोपटाचे तुकडे करून त्यांवर दिवे लावतात आणि वाट फुम्मरिन कुदी थोंग (थाई "वाट" म्हणजे मंदिर) या मंदिराच्या काठावरून नदीत ओळीने सोडत जातात. त्या रात्रीची खोली काही महिने आधी धरावी लागते.

कागद आणि पैसे

भारतीयांसाठी व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी थाई दूतावासाचं पान पाहा. १ मे २०२५पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी "गो डॉट टीएच" असतं, ते बघूनच भरा.

गावात रोख लागते. परदेशी कार्डाने एटीएममधून काढलं की दर वेळी २२० बाटांच्या आसपास शुल्क कापलं जातं, म्हणून बँकॉकमध्ये एकदाच काढून २० आणि १००च्या नोटा करून घ्या. होडीतल्या आजीबाईला १००० बाटांची नोट दिली तर ती शेजारच्या होड्यांमध्ये सुटे शोधत बसते. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, ती घरीच ठेवा.

जायचं कसं

सगळ्यांत सोपा मार्ग व्हॅनचा. बँकॉकच्या दक्षिण बस टर्मिनलवरून, म्हणजे साय ताई माईवरून, आम्फवाजवळच्या मे क्लोंग या शहरासाठी मिनीव्हॅन सुटतात आणि दीड तासात पोहोचवतात. पण जाताना रेल्वेनेच जा. वेळ दुप्पट लागतो, पैसे नगण्य लागतात आणि बँकॉकचा पसारा संपून खाड्या, मिठागरं, कोळंबीची तळी कशी सुरू होतात ते खिडकीतून दिसतं. शिवाय ही गाडी थेट भाजीबाजाराच्या पोटातून जाते.

या लोहमार्गाचे दोन तुकडे आहेत आणि मधे था चीन नदी आहे. तिच्यावर रेल्वेचा पूल नाही. घोटाळा होतो तो इथेच, म्हणून क्रमाने सांगतो.

१. बीटीएसच्या, म्हणजे बँकॉकच्या उन्नत मेट्रोच्या, सिलोम मार्गाने वोंगवियन याई स्थानकावर उतरा. बीटीएस स्थानक आणि त्याच नावाचं रेल्वे स्टेशन या दोन वेगळ्या जागा आहेत, मधे दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. घोड्यावरच्या ताकसिन राजाचा पुतळा असलेलं मोठं वर्तुळ ओलांडायचं. रेल्वे स्टेशन दुकानांच्या मागे दडलेलं आहे, पाटी चटकन दिसत नाही. "रोतफाई" म्हणजे रेल्वे, एवढं विचारलं तरी कोणीही बोट दाखवतं.

२. साडेसात-पावणेआठच्या सुमाराची महाचाईची गाडी धरा. साडेआठनंतरचीही चालते, पण मग धावपळ होते. एकच वर्ग, भाडं १० बाट, प्रवास तासाभराचा.

३. महाचाई स्टेशनातून बाहेर पडलं की मासळीचा बाजार लागतो. त्यातून नदीच्या दिशेने चालत धक्क्यावर या आणि काही बाटांत फेरीबोट घेऊन पलीकडे था चलोमला उतरा.

४. पलीकडच्या रस्त्यावर उजवीकडे वळा आणि बान लेम स्टेशनपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चाला. सामान असेल तर तिथे सायकलरिक्षा मिळते.

५. बान लेमहून दिवसाला चारच गाड्या: ७.३०, १०.१०, १३.३० आणि १६.४०. तुमची १०.१०ची. ती चुकली तर तीन तास बसून राहावं लागतं, म्हणून महाचाईत नाश्ता रेंगाळत करू नका. हेही भाडं १० बाट, मे क्लोंगला ११.१०च्या सुमारास पोहोचते.

रुळांच्या कामासाठी ही लाइन कधीकधी बंद ठेवतात. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला रेल्वेच्या चौकशी क्रमांकावर फोन करायला लावा. बंद असेल तर व्हॅन आहेच.

रुळांवरचा बाजार

मे क्लोंग स्टेशनात शिरण्याआधीचे शेवटचे काहीशे मीटर गाडी बाजारातून चालते. भोंगा वाजला की विक्रेते छपराचे कापडी पडदे काठीने मागे ओढतात. मासळीची मोठी ताटं छोट्या चाकांच्या गाड्यांवर असतात, ती मागे ढकलली जातात. टोमॅटो, मिरच्या, आल्याच्या टोपल्या मात्र रुळालगत जमिनीवर तशाच राहतात, कारण डब्याची कड त्यांच्यावरून जाते हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. गाडी गेली की अर्ध्या मिनिटात पडदे पुन्हा पुढे. खिडकीतून हात किंवा मोबाइल बाहेर काढू नका. पडद्यांचे बांबू डब्यापासून वीतभरावर असतात.

१०.१०च्या गाडीचा फायदा इथे कळतो. तुम्ही ११.१०ला उतरता आणि तीच गाडी ११.३०ला परत निघते. मधल्या वीस मिनिटांत बाजारात थोडं आत चालत जा आणि दुकानाच्या आतल्या बाजूला उभे राहा, म्हणजे आतून पाहिलेला प्रकार आता बाहेरूनही दिसतो. स्टेशनच्या तोंडाशी थांबू नका, सगळी गर्दी तिथेच असते. रेषा आखलेली असेल तर तिच्या मागे राहा. सेल्फीसाठी रुळाकडे झुकणाऱ्यांना विक्रेते मागे खेचतात आणि ते योग्यच करतात.

इथे बांबूच्या गोल चाळणीवजा टोपलीत दोन-तीन मासे माना खाली मोडून बसवलेले दिसतील. हा "प्ला थू", बांगड्याच्या कुळातला. टोपलीत बसावा म्हणून मान मोडायची ही मे क्लोंगची रीत साऱ्या थायलंडमध्ये ओळखली जाते. मासे खाणाऱ्यांनी दुपारचं जेवण इथेच उरकावं. तळलेला प्ला थू, भात आणि कोळंबीच्या खाराची तिखट चटणी, असं ताट मिळतं.

जेवण झालं की बाजाराजवळून आम्फवाला जाणारी सोंगथेव पकडा. ही मागे दोन बाकं असलेली गाडी. सहा-सात किलोमीटरला दहा-पंधरा बाट पडतात. उतरायच्या वेळी छताची घंटी दाबा आणि पैसे खाली उतरल्यावर ड्रायव्हरला द्या. "खास गाडी करून देतो" म्हणणारे इथे भेटतील. त्यांची गरज नाही.

आम्फवात पोहोचल्यावर

खोली घेताना "कालव्यावर" आणि "कालव्याजवळ" यातला फरक विचारून घ्या. बाजाराच्या अगदी मधलं जुनं लाकडी घर फोटोत सुंदर दिसतं, पण फळीच्या भिंतीतून शेजाऱ्याची खोकलाखाकल ऐकू येते, संडास-मोरी बहुतेक सामायिक असते आणि रात्री नऊपर्यंत खाली बाजार चालू असतो. झोप सावध असेल किंवा सोबत म्हातारी माणसं असतील तर कालव्याच्या आतल्या टोकाला, पुलापासून दहा मिनिटांवर घर घ्या. चपला दाराबाहेर काढायच्या.

बाजार भरेपर्यंतचा वेळ राजे राम दुसरे यांच्या स्मारक उद्यानात घालवा. ते कालव्याच्या मुखाशी, वाट आम्फवान चेतियाराम या मंदिराला लागूनच आहे. जुन्या धाटणीची थाई घरं आतून बघता येतात: स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, नाटकाचे मुखवटे. हे राजे स्वतः कवी होते आणि रामायणाच्या कथेवर त्यांनी नृत्यनाट्यासाठी रचना केली. मंदिरात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बसताना पाय बुद्धमूर्तीकडे करू नका.

चारच्या सुमारास पुलावर या. दोन्ही काठ आधी पूर्ण चालून बघा, मग खा, नाहीतर पहिल्या वीस पावलांतच पोट भरतं. होड्या पायऱ्यांच्या तळाशी बांधलेल्या असतात. तुम्ही पायरीवर बसायचं, खाली बोटाने दाखवायचं आणि ताटली वर येते. कालव्याला समुद्राची भरती-ओहोटी लागते, त्यामुळे हे दृश्य रोज सारखं नसतं. भरतीला होडी तुमच्या पायाशी असते. ओहोटीला ती खोल खाली जाते आणि खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात. पडझड होते ती याच पायऱ्यांवर. रबरी पट्ट्याची सँडल घाला.

खायचं काय, शाकाहाऱ्यांनी विशेष

मासे-कोळंबी खाणाऱ्यांना सांगायला फारसं नको: होडीतल्या निखाऱ्यावर भाजलेली माकुळ आणि मोठी कोळंबी घ्या, आधी भाव विचारा ("थाओ राय?") आणि हिरव्या मिरची-लिंबाच्या चटणीला जपून हात लावा.

शाकाहाऱ्यांची अडचण मांसाची कमी आणि मासळीच्या रसाची जास्त. "नाम प्ला" हा खारवलेल्या माशांचा रस आणि "कापी" हा कोळंबीचा खार जवळपास प्रत्येक तिखट पदार्थात असतो, पपईच्या कोशिंबिरीतही. पॅड थाईमध्ये सुकट घालतात. "बोट नूडल्स"च्या रश्शात बहुतेक ठिकाणी रक्त असतं. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, "किन जे" म्हणा. "जे" म्हणजे मांस-मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण यांतलं काहीच नाही, थोडक्यात आपल्या जैन जेवणाच्या जवळचं. पिवळ्या पाटीवर लाल रंगात १७ या इंग्रजी आकड्यासारखं दिसणारं अक्षर असेल तर तिथे "जे" मिळतं. आम्फवात अशी दुकानं थोडी आहेत, म्हणून दुपारचं पोटभर जेवण मिळेल तिथे उरकून घ्या आणि संध्याकाळ गोडावर काढा.

गोडात निवड भरपूर आहे. "खनोम क्रोक" आप्पेपात्रासारख्याच खळग्यांच्या तव्यावर होतो: तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, कडा कुरकुरीत, मधे मऊ. वर कांद्याची पात किंवा मका असतो. "खाओ तोम मात" म्हणजे केळ्याभोवती चिकट भात आणि वरून पानाची गुंडाळी. शहाळ्याच्या करवंटीत नारळाचं आइस्क्रीम मिळतं. सोललेलं पपनस इथल्याच बागेतलं असतं, ते चुकवू नका. सोनेरी थेंब, सोनेरी शेवया, सोनेरी फुलं अशा दिसणाऱ्या मिठाया मात्र अंड्याच्या बलकाच्या असतात. अंडं खात नसाल तर त्यांच्यापासून लांब राहा.

काजवे

अंधार पडला की, साधारण साडेसहानंतर, कालव्यावरून काजव्यांच्या होड्या निघतात. एका आसनाचे साधारण ६० बाट किंवा थोडे वर, फेरी तासाभराची. नदीकाठी "लाम्फू" नावाची खारफुटीतली झाडं आहेत. काजवे त्यांवर बसतात आणि नर एका लयीत, एकदम चमकतात आणि एकदम विझतात. अख्खं झाड ठोके देतंय असं वाटतं.

मोठ्या मोटारहोड्यांच्या आवाजाने आणि लाटांनी काठावरच्या लोकांना बरीच वर्षं त्रास झाला आहे. काही जणांनी वैतागून दारातली लाम्फूची झाडंच तोडली. म्हणून होडी निवडताना स्वस्ताईपेक्षा नावाडी बघा: झाडाजवळ इंजिन बंद करणारा, झाडावर झोत न मारणारा. घरमालकाकडे वल्ह्याच्या होडीची सोय असेल तर जास्तीचे पैसे जरूर द्या, शांततेत तीच फेरी कितीतरी सुंदर होते. लाइफ जॅकेट घाला, फ्लॅश बंद ठेवा, पुढच्या बाजूला बसा, डासांचं मलम आधीच लावा. मोबाइलमध्ये काजवे येत नाहीत, तो खिशातच राहू द्या. पाऊस जोराचा असेल तर काजवे दिसत नाहीत, उगाच पैसे घालू नका.

शनिवारची सकाळ

सहाच्या आधी उठा. भिक्खू छोट्या होडीत एकटे वल्हं मारत भिक्षेला येतात. घरमालकाला रात्रीच सांगून ठेवलं तर तो भात, फळं, फुलांचं ताट तयार ठेवतो, पैसे वेगळे द्यायचे. पायरीवर चपला काढून खाली बसा, वस्तू पात्रात अलगद ठेवा, मग हात जोडून आशीर्वाद ऐका. बायकांनी भिक्खूंना किंवा त्यांच्या हाताला स्पर्श होऊ देऊ नये.

त्यानंतर दोन पर्याय आहेत, दोन्ही बसवायला गेलात तर दमछाक होते. एक, गाडी ठरवून था खाचा बाजार. अकरापर्यंत तो विरतो, म्हणून आठला तिथे असा. तो लहान आहे, होड्या वल्ह्याच्या आहेत आणि विकणारे बहुतेक बागायतदार. दुसरा, नदीवरून मंदिरांची होडीची फेरी. वेळ कमी असेल आणि एकच ठिकाण बघायचं असेल तर वाट बांग कुंग बघा. या मंदिराच्या छोट्या गाभाऱ्याला वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांच्या मुळांनी चहूबाजूंनी इतकं कवटाळलं आहे की विटांची भिंत खिडक्यांपुरतीच दिसते. आत सोन्याच्या वर्खाने मढवलेली बुद्धमूर्ती आहे. १७६८मध्ये याच जागेवर राजा ताकसिनच्या सैन्याने बर्मी फौजेला हरवलं. बँकॉकच्या वर्तुळात घोड्यावर दिसला तोच हा राजा. दुसरं कोरीव कामासाठी: वाट बांग खे नोई, जिथे भिंती आतून सागवानावरच्या शिल्पपटांनी भरल्या आहेत.

परतताना

परतीला रेल्वेचा हिशेब जमत नाही, मे क्लोंगहून शेवटची गाडी १५.३०ला सुटते आणि पुढे पुन्हा फेरीबोट व दुसरी गाडी. व्हॅन घ्या. आम्फवाहून थेट मिळाली तर ठीक, नाहीतर सोंगथेवने मे क्लोंगला येऊन तिथून. आल्या दिवशीच शेवटच्या व्हॅनची वेळ विचारून ठेवा आणि जागा सांगून ठेवा. रविवारी संध्याकाळी राम दुसरा महामार्गावर वाहनांची रांग लागते, दीड तासाचे तीन होतात. शनिवारी दुपारी रस्ता मोकळा असतो.

न्यायची वस्तू म्हणजे नारळाचा गूळ. नारळाच्या फुलोऱ्याचा रस सकाळ-संध्याकाळ उतरवून मोठ्या कढयांत आटवतात. बाजारात उसाची साखर मिसळलेला मालही बराच असतो. तो कडक, पांढुरका आणि स्वस्त असतो. अस्सल माल तपकिरी, मऊ, खरपूस वासाचा आणि उन्हात पाझरणारा. त्यामुळे तो कागदाच्या पिशवीत घेऊ नका, घट्ट झाकणाच्या डब्यात घ्या आणि विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीतला मऊ गूळ सुरक्षा तपासणीत द्रव समजून काढून घेतला जाऊ शकतो.